पाचव्या थांब्यावरची खिडकी

समुद्राकडच्या वेशीपासून दीपगृहापर्यंत चालत यायला छत्रीबाईला दोन तास लागतात. एकटी असेल तर अर्ध्या तासात येईल, पण ती एकटी कधी नसते. तिच्या मागं वीस-पंचवीस माणसं असतात, गळ्यात कॅमेरे, डोक्यावर नव्या कोऱ्या टोप्या, आणि पायात हमखास चुकीचे जोडे. या जुन्या शहरात गाडी शिरत नाही. गल्ल्या एवढ्या अरुंद की समोरासमोर दोन जाड माणसं आली तर एकानं कुणाच्यातरी दारात शिरून वाट द्यावी. म्हणून पाहुण्यांनी हे शहर पायीच बघायचं, आणि पायी बघायचं म्हणजे छत्रीबाईच्या पिवळ्या छत्रीमागं चालायचं. ऊन असो, पाऊस असो, ती छत्री उघडत नाही. मिटलेलीच वर धरून चालते, म्हणजे शेवटच्या माणसालाही दिसते. गळ्यात वारसा समितीचा बिल्ला. खरं नाव त्या बिल्ल्यावर आहे, पण ते वाचतो कोण!

सहा थांबे. वेस, तट, जकातीची जुनी कचेरी, गोड्या पाण्याचा हौद, खिडकी, दीपगृह. मला कुणी विचारलं की या गावात येऊन काय काय करावं, तर मी सांगीन, संध्याकाळी तटावरून चक्कर मारा, हौदाच्या पायऱ्यांवर गार बसा, धक्क्यावर पाय सोडून होड्या बघा, आणि कशाची घाई करू नका. पण ऐकतंय कोण? पाहुण्यांना बघायची असते ती खिडकी. वेशीपाशीच विचारायला लागतात, ‘ती खिडकी कधी येणार हो?’

खिडकी तशी साधीच. पहिल्या मजल्यावरची, निळी, दोन झडपांची, आणि बंद. गल्लीतली बाकीची घरं दिवसभर खिडक्या सताड उघड्या टाकून बसलेली असतात. कुठं कपडे वाळतायत, कुठं रेडिओ लागलाय, कुणी कुणावर खेकसतंय. मधेच ही एक तोंड मिटून. मजला इतका बुटका की छत्रीबाईनं हात उंच केला की छत्रीचं टोक झडपेला लागतं. ती तिथं थांबते, टोकानं दोनदा ठकठक करते, आणि आवाज जरा खाली आणून सुरू करते:

‘दीडशे वर्षांपूर्वी या घरात एका कप्तानाची बायको राहायची. कप्तान समुद्रावर निघाला त्या सकाळी ती याच खिडकीत उभी होती. जहाज दिसेनासं झालं, तेव्हा तिनं स्वतःच्या हातानं या झडपा लावून घेतल्या. म्हणाली, आता हा समुद्र मी त्यांच्यासोबतच बघीन. कप्तान परत आला नाही. खिडकी तेव्हापासून उघडलेली नाही.’

इथं बायका डोळे पुसतात. पुरुष फोटो काढतात. मग सगळे समोरच्या दुकानात शिरून बोटभर निळी लाकडी खिडकी विकत घेतात आणि दीपगृहाकडे निघतात. दिवसातून चार वेळा, गेली बावीस वर्षं.

आता मुद्द्याचं ऐका. कप्तान नव्हता. त्याची बायको नव्हती. जहाज तर नव्हतंच नव्हतं. ही सगळी गोष्ट छत्रीबाईनं एका दुपारी याच फरशीवर उभ्या-उभ्या सात मिनिटांत रचली. आणि खिडकी कुणाची म्हणाल, तर तिच्या स्वतःच्या घराची. त्या बंद झडपांमागच्या खोलीत तिची सासू राहते.

झालं होतं असं. या धंद्यातल्या माणसांच्या पोतडीत दोन-चार थांबणीच्या गोष्टी असतात. कुणी टोपी विसरतं, कुणी मागं राहतं, मग बाकीच्यांना उन्हात उभं करावं लागतं. त्या वेळेला तोंड चालू ठेवलं नाही तर घोळका पांगतो, आणि पांगलेला घोळका गोळा करणं म्हणजे सांडलेली मोहरी वेचणं. म्हणून थांबणीची गोष्ट. तिला नियम एकच, आणि जुनी माणसं तो नव्यांना पहिल्याच दिवशी सांगतात: गोष्ट अशा घराची सांगावी, जिथं खरंखोटं करायला कुणी उरलेलं नाही.

छत्रीबाई तेव्हा नवखी. लग्नाला दोन वर्षं, बिल्ला मिळून तीन आठवडे. एक गृहस्थ हौदावर चष्मा विसरून परत पळाले, आणि घोळका नेमका तिच्या घराखाली थांबला. एका बाईनं विचारलं, ‘ती एकच खिडकी बंद का हो?’ छत्रीबाईला ठाऊक नव्हतं. लग्न होऊन आली तेव्हा तिनंही एकदा विचारलं होतं. सासूबाई म्हणाल्या होत्या, ‘लाकूड फुगलंय.’ सासऱ्यांनी पेपरातून डोळे वर केले होते, आणि विषय तिथंच मिटला होता. सगळ्या गावाच्या कहाण्या हिला पाठ, आणि घरातल्या खिडकीचं काही माहीत नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय! तिला वाटलं, घर आपलंच, आपल्याला कोण जाब विचारणार? आणि दिला ठोकून कप्तान.

चष्मा सापडला, गृहस्थ परत आले, तोवर अर्धा घोळका रडत होता. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गाइडनं तीच गोष्ट सांगितली. महिन्याभरात सगळे सांगायला लागले. वर्षभरात खिडकी नकाशात छापून आली. मग समितीचा माणूस छापील अर्ज घेऊन घरी आला. ‘माहिती कुठून मिळाली’ या रकान्यासमोर छत्रीबाईनं लिहिलं, ‘घरातील वडीलधाऱ्यांकडून’. काय लिहिणार दुसरं? घरमालक म्हणून सासऱ्यांची सही हवी होती. सासऱ्यांनी चष्मा लावून अर्ज अथपासून इतिपर्यंत वाचला, आणि हसले. त्या माणसाला हसताना छत्रीबाईनं त्याआधी पाहिलंच नव्हतं. तिला बिचारीला वाटलं, सुनेचं कौतुक वाटलं असेल.

खिडकीखाली पितळी पाटी बसली: ‘ही खिडकी उघडू नये, हलवू नये, बदलू नये.’ दर वर्षी पाहुण्यांचे दिवस सुरू व्हायच्या आधी समितीची माणसं शिडी लावून येतात आणि झडपांना बाहेरून निळा हात मारून जातात. आतून कुणी काही विचारायचं नाही.

हात दाखवून अवलक्षण ते हेच. सुरुवातीला तिला गंमत वाटली, मग कंटाळा आला, मग भीती. सात-आठ वर्षांनी एकदा तिनं धीर करून म्हणून पाहिलं, ‘आता ही गोष्ट ऐकीव हो, खरी असेलच असं नाही.’ घोळक्यातल्या एका बाईंनी समितीकडे लेखी तक्रार केली की गाइडनं आमच्या सहलीचा विरस केला. समितीचं पत्र आलं: मंजूर मजकुरात फेरफार करू नये. त्या दिवसापासून छत्रीबाईनं त्यातला ‘आणि’सुद्धा बदलला नाही. पाचव्या थांब्यापाशी आली की तिचे पाय आपोआप थांबतात, हात आपोआप वर जातो, ठकठक होते, आणि तोंडातून कप्तान निघतो. कधीकधी झोपेतून जागी होताना पहिलं वाक्य तेच ओठावर असतं. बावीस वर्षं तेच सहा थांबे. वेशीतून पाहुणे आत येतात आणि वेशीतूनच बाहेर जातात. आत राहते ती हीच.

सासरे बारा वर्षांपूर्वी गेले. त्यानंतर आठवड्याभरानं सासूबाई सहज म्हणतात तसं म्हणाल्या, ‘आता ती खिडकी उघडू या का गं?’

‘आई, समितीचा नियम आहे ना,’ छत्रीबाई म्हणाली.

‘बरं,’ असं म्हणून सासूबाई भांडी पुसायला गेल्या. त्या ‘बरं’कडे छत्रीबाईनं तेव्हा लक्ष दिलं नाही. कामाची घाई होती.

आणि तसं अडत कुठं होतं? सासूबाई घरात टिकायच्याच नाहीत. दुपारची भांडी झाली की जिना उतरून ज्या जायच्या त्या दिवेलागणीला परत. हौदाच्या पायऱ्यांवर बसायचं, येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलायचं, कुणाचं बाळ मांडीवर घ्यायचं, कुणाला रस्ता दाखवायचा. पण गेल्या थंडीत त्याच पायऱ्यांवर पाय सरकला आणि खुबा मोडला. डॉक्टर म्हणाले, ‘हाड जुळेल, पण जिना आता विसरा, आजी.’ अकरा पायऱ्यांचा जिना, तोही नागमोडी. खुर्चीत बसवून खाली न्यावं तर खुर्ची वळत नाही.

मग उरली ती खोली. भर दुपारी दिवा लावायला लागणारी. दोन झडपांच्या मधल्या फटीतून उजेडाची एक रेघ आत येते, सकाळी ती भिंतीवर असते, दुपारी पांघरुणावर, चार वाजता पायापाशी. सासूबाई तिच्यावरून वेळ सांगायला लागल्या. ‘रेघ गुडघ्यावर आली, तुझी तिसरी फेरी आली असेल.’ आणि खरंच खाली पावलं वाजायची, ठकठक व्हायची. अडीच महिने हे असं चाललं.

एका सकाळी छत्रीबाई त्यांचे केस विंचरत होती. सासूबाई म्हणाल्या, ‘मला ती खिडकी उघडून हवी.’

‘आई...’

‘मरायच्या आधी एकदा, वगैरे काही म्हणत नाही मी. उगाच नाटकं नकोत. अजून दहा वर्षं जगेन. म्हणून तर हवी.’

छत्रीबाईनं वेणी घातली आणि फणी ठेवून उठली.

नवऱ्याला सांगितलं. नवरा धक्क्यावर लाँचच्या तिकीटखिडकीत बसतो. माणूस सज्जन, पण कागदावर शिक्का दिसला की त्याच्या तोंडचं पाणी पळतं. ‘अगं, पण पाटी आहे,’ तो म्हणाला. ‘नोटीस आली म्हणजे? तुझा बिल्ला गेला म्हणजे?’

‘तुमचं बरं आहे,’ ती म्हणाली, ‘तुम्ही दिवसभर खिडकीतच बसता.’

तो ओशाळला, पण पाटी काही जाग्यावरून हलली नाही.

शेवटी ती समितीच्या कचेरीत गेली. तिथले साहेब फार मऊ बोलतात. मऊ बोलणाऱ्या साहेबाला आपण घाबरावं, ओरडणारा परवडला. त्यांनी तिला बसवलं, पाणी दिलं, ऐकून घेतलं.

‘पण बाई, दीडशे वर्षं बंद असलेली खिडकी उघडायची म्हणजे...’

छत्रीबाईनं डोळे मिटले आणि सांगून टाकलं. ‘साहेब, दीडशे वगैरे काही नाही. ती गोष्ट मीच रचलेली आहे. थांबणीची गोष्ट होती.’

साहेब हसले नाहीत, रागावलेही नाहीत. त्यांनी कपाटातून फाइल काढली, जुना अर्ज उघडला आणि बोट ठेवलं. ‘ही सही कुणाची?’

‘माझी.’

‘आणि ही?’

‘सासऱ्यांची.’

‘मग आता बघा. गोष्ट खरी असेल, तर खिडकी उघडता येत नाही. खोटी असेल, तर तुम्ही बावीस वर्षं समितीचा बिल्ला गळ्यात घालून लोकांना फसवलंत. तसं लिहून द्या, आधी बिल्ला जमा करा. खिडकीचं मग बैठकीपुढं ठेवू. बैठक वर्षातून एकदा.’ साहेबांनी फाइल मिटली आणि आणखी मऊ आवाजात विचारलं, ‘त्यांना हवा हवी आहे ना? मग पंखा लावा की.’

इकडे आड, तिकडे विहीर. ती कचेरीच्या पायऱ्या उतरून घरी येईपर्यंत बातमी तिच्या आधी गल्लीत पोचली होती. समोरचा दुकानदार दारातच उभा. वाईट माणूस नाही तो, सासूबाई पडल्या तेव्हा यानंच हौदावरून उचलून दवाखान्यात नेलं होतं. ‘ताई,’ तो म्हणाला, ‘तुम्हीच लावलेलं झाड आहे. आता आमची सगळ्यांची घरटी आहेत त्यावर. जरा विचार करा.’ तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

वर गेली. रेघ पांघरुणावर होती. सासूबाई जाग्या होत्या.

‘नाही म्हणाले ना?’

‘नाही म्हणाले.’ छत्रीबाई पलंगाच्या कडेवर बसली. पाय ठणकत होते, डोकंही. ‘आई, माझंच चुकलं. ती कप्तानाची गोष्ट... ती मी बनवलेली आहे. तसं काही झालेलंच नाही.’

‘मला सांगतेस?’ सासूबाई म्हणाल्या. ‘कप्तान कुठला आलाय मेला! ती खिडकी तुझ्या सासऱ्यांनी ठोकलीय.’

छत्रीबाईनं मान वळवून झडपांकडे पाहिलं.

‘फुगलंबिगलं काही नव्हतं लाकूड. नवं होतं. मी पण नवीच होते, एकवीस वर्षांची. हे सकाळी कचेरीत जायचे ते संध्याकाळी यायचे. घरात एकटी करू काय? खिडकीत उभी राहायचे. बोटींवरनं उतरलेली माणसं खालून जायची. मी वरून विचारायचे, कुठून आलात हो? ती आपापल्या गावाचं नाव सांगायची. नावं एकेक अशी की मला हसू यायचं. एवढंच. बाकी काही नाही गं. पण माझं हसणं मोठं होतं. गल्लीच्या टोकापर्यंत जायचं.’ सासूबाईंनी पांघरूण नीट केलं. ‘कुणीतरी कचेरीत ह्यांना म्हणालं, तुमच्या घरचं हसणं छान ऐकू येतं हं. त्या संध्याकाळी हातोडा घेऊनच आले. बोलले काही नाहीत. नऊ खिळे मारले, आणि डोकी दिसू नयेत म्हणून वरून रंग लावला. मी बाजूला उभी राहून एकेक खिळा हातात देत होते.’

‘तुम्ही?’

‘मग काय करणार होते? हात पुढं केला त्यांनी, मी दिला. एक्कावन्न वर्षं झाली.’

छत्रीबाईला सासऱ्यांचं ते हसू आठवलं. चष्म्याच्या वरून, अर्जावरचं. आपला खिळा समितीच्या पाटीनं पक्का होतोय हे कळून तो माणूस हसला होता, आणि ही समजत होती कौतुक! तळपायाची आग मस्तकात गेली तिच्या. पण जाळणार कुणाला? तो सुटला केव्हाच. आणि पाटीसाठी सही कुणी केली होती? तिनंच ना?

‘आई, तुम्ही मला बोलला का नाहीत? बावीस वर्षं मी खाली उभी राहून, तुमच्याच खिडकीखाली, दिवसातून चारदा...’

‘पहिल्यांदा ऐकलं ना, तेव्हा मी इथंच भाजी निवडत होते. ठकठक झाली आणि तुझा आवाज आला. मला वाटलं, हिला कुठूनतरी कळलंय आणि ही टोमणा मारतेय. असा राग आला तुझा! दोन दिवस तुझ्याशी बोलले नाही. तुला वाटलं, मीठ जास्त पडलं म्हणून.’ सासूबाईंनी उशी सरकवून घेतली. ‘मग रोज ऐकायला लागले. ऐकता ऐकता ते एक वाक्य आवडायला लागलं. तिनं स्वतःच्या हातानं झडपा लावून घेतल्या. कुणी ठोकली नाही, तिनंच लावली. बरं वाटायचं गं. मी पण मनात म्हणायचे, हो, मीच लावली. रोज चारदा कुणीतरी येऊन तसं सांगून जायचं. म्हणून गप्प बसले. पण तेव्हा जिना उतरता येत होता. आता नाही येत. आता पुरे झाला तुझा कप्तान.’

छत्रीबाई रडली. सासूबाईंच्या पांघरुणात तोंड घालून, त्या रेघेवरच, ढसाढसा रडली. सासूबाई म्हणाल्या, ‘आता पांघरूण ओलं करशील. वाळत घालायला खिडकी नाही.’

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं पक्कड आणि हातोडी काढली. नवरा डबा भरत होता, तो हातातला डबा तसाच ठेवून दारात येऊन उभा राहिला. रात्री जेवताना तिनं त्याला सगळं सांगितलं होतं. तो ताटातलं अर्धं टाकून उठला होता. आताही ‘पाटी’ असं काहीतरी त्याच्या ओठांवर आलं असावं, पण त्यानं ते गिळलं. तिनं रंग खरवडला, आणि पहिला खिळा कुरकुरत बाहेर आला. नवऱ्यानं पुढं होऊन तळहात पसरला. तिनं खिळा त्यावर ठेवला. मग दुसरा. असे नऊ. त्याच्या तळव्यावर गंजाचे डाग पडले. ‘आई, मला माहीत नव्हतं,’ तो म्हणाला. ‘तू कुठं विचारलंस?’ आई म्हणाली.

दोघांनी मिळून झडपांना खांदा दिला. ढिम्म हलल्या नाहीत. वाकून बघितलं तेव्हा कळलं. आत नऊ खिळे होते, आणि बाहेर दर वर्षीचा एक असे रंगाचे थर. झडपा आणि चौकट एकजीव झाल्या होत्या. आतून काही होणार नव्हतं. जे व्हायचं ते बाहेरून, भर गल्लीत, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत.

‘पलंग खिडकीपाशी ओढून ठेवा,’ छत्रीबाई नवऱ्याला म्हणाली, ‘आणि आज कामाला जाऊ नका.’ तिनं बिल्ला गळ्यात घातला, छत्री उचलली आणि दहाच्या फेरीला गेली.

त्या दिवशी तिच्यामागं एकतीस माणसं होती. वेशीचं सगळं सांगितलं, तटावर नेलं, जकातीच्या कचेरीत वजनं दाखवली, हौदाचं पाणी प्यायला लावलं. कुठं घाई केली नाही. ती पाचव्या थांब्याला आली तेव्हा दुकानदार दारात होताच. तिनं हात उंच केला. ठकठक.

‘दीडशे वर्षांपूर्वी या घरात...’

पुढचं वाक्य तोंडात तयार होतं. बावीस वर्षांची सवय. तिनं दात आवळले आणि ते आत ढकललं.

‘नाही. एक्कावन्न वर्षांपूर्वी या घरात एक मुलगी लग्न होऊन आली. ती या खिडकीत उभी राहून मोठ्यानं हसायची. ते तिच्या नवऱ्याला खपलं नाही. त्यानं नऊ खिळे मारून खिडकी बंद केली. ती मुलगी म्हणजे माझी सासू. ती आत आहे. कप्तानाची गोष्ट मी रचली, आणि ही पाटी माझ्या सहीनं लागली.’

एकतीस माणसांतल्या एकानं कॅमेरा वर केला आणि परत खाली घेतला. छत्रीबाईनं छत्री उलटी धरली, वाकडी मूठ वर केली, आणि डावीकडच्या झडपेच्या लोखंडी कडीत अडकवली.

‘ताई, अहो ताई!’ दुकानदार धावत आला. ‘ताई, असं करू नका!’ त्यानं तिचं मनगट धरलं. तिनं त्याच्याकडे बघितलं. काय दिसलं त्याला कोण जाणे, पण त्यानं हात सोडला. ती जोर लावून ओढायला लागली. काही होईना. तिनं पाय भिंतीला लावला आणि सगळं अंग मागं टाकलं. वर कुठंतरी कड् झालं. रंगाचा एक लांब पापुद्रा सुटून तिच्या तोंडावर पडला. आतूनही धक्के बसत होते, नवरा खांदा देत होता. पुन्हा कड् झालं, छत्रीची मूठ तुटून कडीत लटकत राहिली, छत्रीबाई फरशीवर आदळली, आणि झडप वीतभर उघडून अडकली. वीतभर. त्याच्या पुढं ती गेली नाही, बिजागरी गंजली होती.

तिचा बिल्ला दुपारी तीनच्या आत गेला, हे सांगून टाकतो, म्हणजे त्याची वाट बघत बसू नका. साहेब स्वतः आले होते, मऊ आवाजात. पण ते नंतरचं. त्या क्षणी गल्लीत सगळे वर तोंड करून उभे होते, आणि त्या वीतभर फटीत कुणाचंतरी पांढरं डोकं हलत होतं. बऱ्याच दिवसांनी उजेडात आलेल्या माणसासारखे डोळे बारीक करून कुणीतरी खाली बघत होतं. मग आवाज आला.

‘कुठून आलात हो तुम्ही?’

बोलावं की नाही, कुणाला कळेना. फरशीवर बसलेली छत्रीबाई मागं वळून म्हणाली, ‘अहो, सांगा ना कुणीतरी. विचारतायत त्या.’ तेव्हा मागच्या रांगेतल्या टोपीवाल्या म्हाताऱ्यानं घसा खाकरून आपल्या गावाचं नाव सांगितलं. नाव लांबलचक होतं आणि शेवटी भलत्याच ठिकाणी वळत होतं. मग सासूबाई हसल्या, आणि ते हसणं गल्लीच्या टोकापर्यंत गेलं.